ओला चमचा आणि तीन रखवालदार

एकदा एका शब्दसंग्राहकापुढे मोठाच पेच उभा राहिला. अठरा वर्षे खेडोपाडी फिरून त्याने आपल्या भागातील बोलीचे अकरा हजार शब्द जमवले होते आणि ते सारे घरच्या संगणकात उतरवून ठेवले होते. शब्द सांगणारी निम्मी माणसे आता हयात नव्हती. गेलेला शब्द पुन्हा विचारायचा कोणाला?

शेजाऱ्याच्या संगणकात व्हायरस शिरला आणि मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले, हे ऐकल्यापासून त्याच्या जिवाला घोर लागला. त्याने एक अँटिव्हायरस बसवला. एकाचा भरवसा वाटेना, म्हणून दुसरा बसवला. मग एके दिवशी पडद्यावर लाल पाटी झळकली: ‘तुमच्या संगणकात १२७ धोके आहेत! ताबडतोब येथे दाबा.’ त्याने घाबरून दाबले आणि तिसरा रखवालदार आत आला. तेव्हापासून संगणक रखडत चालू लागला. पहिला रखवालदार तर दुसऱ्यालाच चोर म्हणून ओरडू लागला.

संग्राहक टापटिपीचा. त्याने वहीत घरातल्या तिघांसह नऊ सॉफ्टवेअरांचा तक्ता आखला. तरी निवड होईना, तेव्हा ज्यांच्याकडे तो बोलीभाषा शिकला होता, त्या वृद्ध गुरुजींना त्याने घरी बोलावले. उतारवयात गुरुजींनी संगणकही हौसेने आत्मसात केला होता.

गुरुजींनी तक्ता वरून खालपर्यंत वाचला. “अक्षर सुरेख आहे तुझं,” ते म्हणाले. “आता जेवू या.”

पानावर बसल्यावर ते संग्राहकाच्या पत्नीला म्हणाले, “सूनबाई, कैरीचं गोड लोणचं असेल ना? मोठी बरणीच आणा.”

“मोठी? छोटीत आहे की काढलेलं.”

“मोठीच हवी.”

नाइलाजाने तिने बरणी आणली आणि वरचे फडके सोडले. गुरुजींनी चमचा पाण्याच्या भांड्यात बुडवला आणि तसाच निथळता बरणीकडे नेला. तिने त्यांचा हात मधेच धरला.

“अहो गुरुजी, ओला चमचा! वर्षाचं लोणचं नासवताय की काय?”

संग्राहक ओशाळला. “अगं, गुरुजींचा हात काय धरतेस!”

“गुरुजी असले म्हणून बुरशी ओळखीची होते का?”

गुरुजी मनमुराद हसले. चमचा खाली ठेवत त्यांनी विचारले, “सूनबाई, या बरणीला तीन झाकणं का नाही लावलीत?”

“तीन कशाला? एक नीट बसलं म्हणजे झालं. तीन ठेवली तर एकही बसायचं नाही.”

“आणि मुंग्या?”

“त्यांच्यासाठी बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवते. पाणी मात्र रोज बदलावं लागतं.”

संग्राहकाचा घास हातातच राहिला. इतकी वर्षे ती ताटली तो पाहत आला होता. ती तिथे का आहे, हे मात्र त्याने कधी विचारले नव्हते.

गुरुजी म्हणाले, “ऐकलंस? व्हायरस म्हणजे बुरशी, तो आहे ते नासवतो. स्पायवेअर म्हणजे मुंगी. ती काही नासवत नाही, गुपचूप येते आणि घरातलं बाहेर नेते. एकीला झाकण, दुसरीला ताटली. दोन्ही कामं एकच सॉफ्टवेअर करत असेल तर उत्तमच, पण ते रोज ताजं राहिलं पाहिजे. शिळ्या पाण्यावर धूळ साचली की मुंगी चालत पलीकडे जाते. तुझ्या तक्त्यात किंमत आहे, वेग आहे. रखवालदार कुठून येतो, त्याला घरात कोण आणतो, हा रकाना कुठे आहे? सूनबाईंनी माझं वय पाहिलं नाही, मान पाहिला नाही, चमचा पाहिला.”

संग्राहकाने वही ओढली, नवा रकाना आखला आणि एकेक नाव भरू लागला. तिसऱ्या रखवालदारापाशी त्याची लेखणी थांबली. तिथे त्याने लिहिले: ‘आपणहून आला. मीच दार उघडले.’

“ओला चमचा,” तो पुटपुटला.

दुपारभर दोघांनी संगणक साफ केला. आगंतुकाला आधी हाकलले, मग आधीच्या दोन रखवालदारांतला भांडकुदळ काढला आणि उरलेल्याला ताजे करून घराचा कोपरान्‌कोपरा तपासायला लावला. संग्राहकाने शब्दांची फाइल उघडली. अकरा हजार शब्द जागच्या जागी होते.

“आता यांची छोटी बरणी आणि मोठी बरणी वेगळी कर,” गुरुजी म्हणाले.

त्याने सगळ्या शब्दांची प्रत एका सुट्या डिस्कवर उतरवली आणि तिची वायर काढून घेतली. पत्नीने ती डिस्क स्वच्छ कोरड्या फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली.

निघताना गुरुजींनी दारात विचारले, “मग, त्या नऊंपैकी कोणतं निवडणार?”

“सध्या आहे तेच चालू दे. बाकीच्यांचा नवा रकाना भरतो, मग ठरवतो,” तो म्हणाला. “आता घाई नाही.”

आतून पत्नीचा आवाज आला, “आणि कपाटाला हात लावाल तर आधी हात पुसा!”