चार बोटं खिडकी

“मग दोष कुणाचा?” याकूबचाचांनी विचारलं.

“माझ्या बापाचा,” मी म्हणालो.

बाप समोरच बसला होता. प्लास्टिकच्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर घडी केलेला रुमाल. त्याला ऐकू गेलं. ऐकू जावं म्हणूनच मी बोललो होतो.

त्याची गाडी आमच्या शेडमध्ये उभी होती. छताला सनरूफची काच नव्हती. भोकातून थेट वरचे पत्रे दिसत होते. सीटवर, पायाशी, बाटली ठेवायच्या खाचेत सगळीकडे काचेचे दाणे. साबुदाण्याची पिशवी फुटावी तसे.

“त्यांचा कसा?” चाचा म्हणाले.

“काचेला टवका पडला होता. एवढासा, डाळीएवढा. त्यावर चिकटपट्टी लावून महिनाभर हिंडले. वरून हे मे महिन्याचं ऊन, आत फुल एसी. न फुटून करते काय? प्राचार्य माणूस. चिकटपट्टीवर विश्वास.”

“महिनाभर सर आले का नाहीत?”

“इथं यावं लागलं असतं म्हणून.”

संगमनेरात छताची काच बसवणारं हे एकच दुकान, आणि त्या दुकानात मी. प्राचार्य शिरसाटांचा मुलगा सुमेध, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला. तिथं शिकवणाऱ्यांना काही येत नव्हतं आणि मलाही. घर सोडलं तेव्हा दार असं आपटलं, की शोकेसमधला बुद्ध आडवा झाला. त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत आम्ही बापलेक एक शब्द बोललो नव्हतो.

चाचांनी बिडी पेटवली.

“सर तर आल्या आल्या मला एवढंच म्हणाले, की घाटात फुटली. टवक्याचं तुला कुणी सांगितलं?”

“मी पाहिला होता.”

“कुठून?”

“माझ्या खोलीच्या गॅलरीतून. खाली सिग्नलला गाडी थांबली होती.”

“चिकटपट्टीसकट?”

“हो.”

“टवका पडलेली अशी काच आज ना उद्या फुटते, हे तुला ठाऊक होतं.”

“तुम्हीच शिकवलंय.”

“मग फोन केलास?”

खुर्चीतल्या माणसानं रुमालाची घडी मोडली. पुन्हा घातली.

“दाणे वेच,” चाचा म्हणाले.

चाचा कुणी संत नव्हते, हे इथंच सांगतो. दिवसाला दोन बंडल ओढायचे. गिऱ्हाइकाला दोन तास सांगून पाच तास लावायचे. विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर त्यांनी मला कधी दिलं नाही. पहिले दोन महिने तर त्यांनी मला फक्त गाडीचं दार लावायला शिकवलं. हात सपाट ठेवायचा, दार टेकवायचं, मग अंगाच्या भारानं दाबायचं. आवाज आला की पुन्हा. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दुसरं काही येत नाही म्हणून वेळ काढतोय.

दाणे वेचायला दीड तास लागला. काही हातानं, काही ब्रशनं, उरलेले व्हॅक्यूमनं. बाप बघत होता. मी त्याच्याकडं बघत नव्हतो.

मग कडेचा जुना, काळा गोंद. मी पाती घेऊन खरवडायला लागलो. पार पत्रा दिसेपर्यंत.

“थांब,” चाचा म्हणाले. “पातळ थर राहू दे.”

“जुनं ठेवून नवं कशाला लावायचं? सगळं काढून टाकतो ना.”

“पत्र्यावर ओरखडा गेला की गंज. आणि नवा गोंद जुन्या गोंदावरच नीट धरतो.”

“असं कुठं असतं?”

“तीन वर्षं कॉलेजात काय केलंस रे? भिंतीला पाठ घासलीस?”

बाप हसला. आवाज न करता, पण हसला. मी पाहिलं.

मी पातळ थर ठेवला. अर्थात रागानं.

“आता ऐक,” चाचा म्हणाले. “माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. ही काच तू बसवायचीस. मी हात लावणार नाही. उद्या सकाळी पाइपनं पाणी मारू. आत थेंब आला नाही, तर उद्यापासून तू मिस्त्री.”

एवढं बोलून ते स्टुलावर जाऊन बसले. पाठ करून.

मिस्त्री मी कधी ना कधी होणारच होतो. मला त्या दिवशी वेगळंच हवं होतं. खुर्चीतल्या त्या माणसानं हे काम बघावं आणि तोंडानं कबूल करावं, की हे काम आहे. एवढंच. दोन वर्षं मी त्याचसाठी थांबलो होतो.

गोंदाची धार ओढली. सलग, न तुटता, चारी कडांनी. हात हलला नाही. मग काच उचलायला तिला सक्शनचे, मूठ असलेले दोन कप चिकटवले.

काच मोठी होती, अख्ख्या छताची. एकट्यानं उचलून बसवली तर एक कड आधी टेकते आणि गोंद फरफटतो.

“चाचा, दुसरी बाजू धरा.”

“मी हात लावणार नाही म्हणालो ना.”

“मग दुसरं कोण आहे इथं?”

चाचा वळले नाहीत. बिडीची राख झटकली.

“सर,” म्हणाले, “जरा हात लावता का?”

माझा आजा खडी फोडायचा. नगर रस्त्याची निम्मी खडी त्यानं फोडली, असं बापाचं म्हणणं. ‘आपल्या हातांना सुट्टी मिळावी म्हणून मी शिकलो.’ हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. जेवताना, निकालाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर. घर सोडलं त्या दिवशी त्याच्यापुढं नवीन तुकडा जोडला होता: ‘आणि हा परत हात घेऊन निघाला.’

तो माणूस उठला. बाह्या दुमडल्या. रुमाल खिशात ठेवला.

“कुठं धरू?” त्यानं विचारलं. मलाच विचारलं.

“कपाची मूठ. घट्ट. मी म्हणेन तेव्हाच सोडायची.”

आम्ही काच उचलली. आमच्या दोघांच्या मध्ये काच. तिच्यात त्याचा चेहरा उलटा दिसत होता.

“महिन्यापूर्वी खडीचा डंपर होता पुढं,” तो म्हणाला. चाचांना उद्देशून, पण चाचा तर पाठ करून बसलेले. “खडा उडाला. तिथल्या तिथं थांबायला हवं होतं... यायला हवं होतं.”

“डावीकडं,” मी म्हणालो. “अजून. बस. खाली... हळू.”

काच बसली. पहिल्याच झटक्यात. चारी बाजूंची फट सारखी. मी बोट फिरवून पाहिलं. नखाचासुद्धा फरक नव्हता.

“खिडक्या चार बोटं खाली कर,” चाचांनी स्टुलावरूनच सांगितलं.

“कशाला? रस्त्याची धूळ येते आत. आत्ताच साफ केलंय.”

“गोंद ओला आहे. कुणी दार आपटलं तर आतली हवा जाईल कुठं? काचच उचलेल. हवेला वाट ठेव.”

“ते माहीत आहे मला. पण दार आपटणार कोण? मी आहे, तुम्ही आहात.”

आता मात्र चाचा वळले. त्या पांढरट डोळ्यांनी माझ्याकडं बघत राहिले...

“बरं,” म्हणाले.

ते ‘बरं’ म्हणाले की मला वाटायचं, मी जिंकलो. दोन वर्षं मी असाच जिंकत आलो होतो.

“सर, आत बसून बघा,” चाचा बापाला म्हणाले. “काच बाहेरून सगळ्यांनाच चांगली दिसते. आतून बघायची असते. फक्त दार जपून.”

बाप मागच्या सीटवर बसला. मी उघडं दार धरून बाहेर उभा. त्यानं मान मागं टाकली आणि वर बघायला लागला. खूप वेळ. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. पेपर तपासताना बघायचा तसं.

“काम चांगलं आहे,” तो म्हणाला.

दोन वर्षं थांबलो होतो ते वाक्य हे होतं. तीन शब्द.

“पण...” तो म्हणाला.

दहावीला ब्याण्णव टक्के. चांगले आहेत, पण. निबंधात जिल्ह्यात पहिला. चांगलं आहे, पण. आईच्या आजारपणात महिनाभर स्वयंपाक केला. चांगलं केलंस, पण. त्या ‘पण’च्या पुढं काय असतं, ते मला पाठ होतं.

मी दार आपटलं.

घरचं आपटलं होतं तसंच.

दाराचा आवाज मोठा झाला नाही. दुसराच एक आवाज झाला. ओलं काहीतरी सुटावं तसा. थप्.

काचेचा मागचा कोपरा बोटभर वर आला होता. खाली काळा गोंद ताणून तार धरल्यासारखा. मग ती तारही तुटली.

बंद खिडकीतून बाप दिसत होता. त्याचं तोंड अजून उघडं होतं, पुढच्या शब्दासाठी. त्यानं वर कोपऱ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग तोंड मिटलं.

तो पलीकडच्या दारानं उतरला. बाहेर उभा राहून त्यानं ते दार लावलं. दोन्ही हात सपाट ठेवून, आधी टेकवलं, मग अंगाच्या भारानं दाबलं. मला शिकायला दोन महिने लागले होते. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आवाज झाला नाही.

“पप्पा,” मी म्हणालो. दोन वर्षांनी. “पण काय?”

“काही नाही.”

“सांगा ना. काय म्हणत होता तुम्ही?”

“काही नाही रे.”

त्यानं बाह्या सोडल्या. एकेक करून बटणं लावली. डाव्या मनगटावर काळा गोंद लागला होता. रुमालानं पुसला, निघाला नाही. तसाच बाहीत गेला.

“याकूबभाई, गाडी कधी मिळेल?”

“परवा, सर.”

“कोपऱ्यावर रिक्षा मिळते ना?”

“मिळते.”

तो गेला. उन्हात, भिंतीच्या कडेकडेनं. मागं वळून पाहिलं नाही. मी त्याच्या मागं जाऊ शकत होतो. कोपरा चाळीस पावलांवर होता आणि रिक्षा लगेच मिळत नाही. मी दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिलो.

‘दोष कुणाचा?’ असं चाचा आता विचारतील, म्हणून मी थांबलो. उत्तर तयार होतं. यावेळी खरं होतं.

त्यांनी विचारलं नाही.

स्टुलावरून उठले. गाडीला हातानं चाचपत पुढच्या दारापर्यंत आले. ते उघडून आत वाकले, किल्ली फिरवली, बटण दाबलं. मागची खिडकी खाली आली. त्यांनी काचेच्या वर बोटं ठेवून मोजली. एक, दोन, तीन, चार.

“आता कशाला?” मी म्हणालो. “आता काय उपयोग?”

“काच उद्या काढू, पुन्हा बसवू,” चाचा म्हणाले. “मिस्त्रीही होशील. सरांचं ते ‘पण’च्या पुढचं बोलणं मात्र गेलं.”