नाव शेवटी लिहायचं

“…पण वर्गात पहिला आलो तो मी ना? मग तिच्यात असं काय आहे, आबा, जे माझ्यात नाही?”

आबा शिंत्रे मटार सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सोमवार होता. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. आबा ओसरीवर बसले होते आणि बायकोने पुढ्यात दोन किलो मटार ओतून ठेवले होते. ओतकामाच्या त्या कारखान्यात चारशे बारा माणसं, आणि एकतीस वर्षं त्या सगळ्यांचे कामगार अधिकारी हेच आबा. घरी मात्र त्यांना मटारच मिळायचे.

समोर निनाद कारखानीस. पुण्याचा एमबीए, मनुष्यबळ विषयात सुवर्णपदक. पदक घरी काचेच्या कपाटात होतं, पण बोलताना ते गळ्यात असल्यासारखंच वाटायचं. सहा महिन्यांपूर्वी तो आबांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला. त्याच दिवशी कस्तुरी आवळेही लागली. डिग्री तीच, पण तालुक्याच्या कॉलेजातली आणि सेकंड क्लासातली.

कायम जागा एकच होती. उद्या सकाळी आबांचा अहवाल मालकांच्या टेबलावर जाणार होता, आणि मालक आबांच्या शब्दाबाहेर नव्हते.

“बोला ना, आबा.”

“शेंग घे. सोल.”

निनादने शेंग घेतली नाही. गेले कित्येक दिवस त्याचं जेवणावर लक्ष नव्हतं. कस्तुरी हसली की त्याचं डोकं फिरायचं. कुणी “आवळे मॅडम कुठायत?” असं विचारत आलं, की उत्तर ठाऊक असूनही तो “माहीत नाही” म्हणायचा. सरळ सांगायचं तर पोरगा जळत होता. आणि आपण जळतोय हे कळत असल्यामुळे आणखीच जळत होता.

“तिचा अहवाल लिहिलात?” त्याने शेवटी विचारलं.

“नाही.”

“माझा?”

“तोही नाही.” आबांनी हात पुसले, आत गेले आणि एक कोरा फॉर्म घेऊन आले. “तिचा तू लिही.”

“मी?”

“सहा महिने शेजारी बसलास. तुझ्याइतकं तिच्यावर लक्ष कुणाचं होतं?”

निनादचे कान लाल झाले. पण पेन त्याने लगेच उघडलं. नावाच्या चौकटीत तो ‘क’ काढणार, एवढ्यात आबांनी त्याचं मनगट धरलं.

“नाव शेवटी लिहायचं.”

ही आबांची जुनी रीत. गोपनीय अहवाल कुणाचाही असो, नावाची चौकट शेवटपर्यंत रिकामी. नाव आधी पडलं की पेन त्या नावाकडे बघून चालतं, असं ते म्हणायचे.

“आणि मत लिहायचं नाही. डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच.”

निनादने पहिली ओळ लिहिली. आबांनी ती वाकून वाचली.

“‘बेशिस्त.’ हे मत झालं. खोड. काय पाहिलंस?”

“बरंच पाहिलंय!”

“मग लिही की लेका.”

निनाद लिहायला बसला. काय सांगावं, आजवर इतक्या मनापासून त्याने परीक्षेतही लिहिलं नसेल. एक पान भरलं. दुसरं भरलं. आबांनी न बोलता तिसरा कागद पुढे सरकवला. मटार संपत आले तेव्हा निनादने पेन ठेवलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला मोकळं वाटत होतं.

“वाच,” आबा म्हणाले. “मोठ्यानं.”

निनाद ताठ बसून वाचू लागला.

“‘कामाची वेळ आठची. ही व्यक्ती सात वीसलाच येते. चाळीस मिनिटं काहीही काम करत नाही. वॉचमनशेजारी उभी राहून आत येणाऱ्या माणसांकडे नुसती बघत बसते.’”

“हं.”

“‘चौदा ऑगस्टला भट्टीवरच्या बाबू ढेंगेला गेटवरूनच घरी पाठवलं. कारण विचारता, त्याचा झोक जात होता असं सांगितलं. त्या पाळीत भट्टीवर एक माणूस कमी पडला.’”

“बाबूला काय झालं होतं रे?”

“साखर वाढली होती. चार दिवस दवाखान्यात होता.”

“बरं. पुढे.”

“‘जेवणाच्या सुट्टीत अधिकाऱ्यांच्या टेबलावर बसत नाही. रोज वेगळ्या टेबलावर बसते. तेवीस दिवसांत एकोणीस टेबलं.’”

“मोजलीस?”

निनाद हळूच म्हणाला, “हो.”

“पुढे.”

“‘रजेचा अर्ज आला की आधी घरची चौकशी करते. त्यात दहा मिनिटं जातात. एकदा एका अर्जदाराने रजेचं खोटं कारण लिहिलं होतं, तो अर्ज त्याने स्वतःच फाडला आणि खरं कारण लिहून दिलं. त्यामुळे एक फॉर्म वाया गेला.’”

आबांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“‘कुणी राजीनामा देणार असं कानावर आलं, की त्याच्या मशीनपाशी जाऊन उभी राहते. अशा नऊ जणांपैकी सात जणांनी राजीनामा दिलाच नाही. त्यामुळे मी तयार केलेला नोकरी सोडण्याच्या कारणांचा तक्ता…’”

निनाद थांबला.

“तक्ता?”

“‘…अपूर्ण राहिला.’”

आत कुकरची शिट्टी झाली. निनादने कागदाकडे पाहिलं. अक्षर त्याचंच होतं. एकेक गोष्ट त्यानेच टिपलेली होती, तीही दात ओठ खाऊन. आणि आता वाचताना त्यात त्याला एकही दोष सापडेना. त्याने पान उलटून पाहिलं. मागच्या बाजूलाही सापडला नाही.

“हे… मला असं लिहायचं नव्हतं, आबा.”

“पाहिलेलं आहे ना?”

“हो.”

“खोटं काही?”

“…नाही.”

“आता तुझा लिही.” आबांनी दुसरा फॉर्म पुढे टाकला.

निनादने पेन उचललं. हजेरीचा नवा तक्ता केला, असं लिहिलं. रजेचे नियम पुन्हा टाइप केले, असं लिहिलं. मग सुवर्णपदक लिहिलं आणि स्वतःच खोडलं, कारण ते कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. दोन ओळींवर तिसरी चढेना.

आबांनी ते दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले. एक तीन पानांचा, एक दोन ओळींचा. दोन्हींवर नावाची चौकट रिकामी.

“नावं घाल.”

“कुठलं कुठे?”

“ते तू बघ. तू घालशील ती उद्या मालकांकडे जातील. मी बदलणार नाही. सही माझी असेल.”

निनादने चमकून वर पाहिलं. आबा थट्टा करत नव्हते. त्यांनी सुपातले दाणे पातेल्यात ओतले आणि टरफलं गोळा करायला पाठ वळवली.

पाठ मुद्दामच वळवली असणार. आबा तसेच होते.

आईला नोकरी कायम झाल्याचं निनाद आधीच सांगून बसला होता. कारखान्यात त्याचं अक्षर ओळखणारं कोण होतं? मालक तर नाव वाचायचे आणि शिक्का मारायचे. तीन पानांवर ‘निनाद कारखानीस’. पाच सेकंदांचं काम.

त्याने पेन टेकवलं. उचललं. बाबू ढेंगे गेटवरून परत जाताना कसा चालत होता, ते त्याला आठवलं. तेव्हा तो पाहत होता कस्तुरीकडे. तरी बाबू दिसला होता…

त्याने लिहिलं. दोन्ही चौकटी भरल्या, कागद आबांकडे सरकवले आणि भिंतीकडे तोंड करून बसला. डोळे भरून आले होते, ते त्याने बाहीने पुसले.

आबांनी चष्मा लावला. तीन पानांवरचं नाव वाचलं, ‘कस्तुरी आवळे’. दोन ओळींवरचंही वाचलं. खाली सही केली. दोन्हींवर.

“गेली ना माझी जागा?” निनाद भिंतीला म्हणाला. “सहा महिने फुकट. काहीच शिकलो नाही मी.”

आबांनी कागदांची घडी घातली आणि खिशात ठेवली.

“आबा… मी काय केलं हो या सहा महिन्यांत?”

“एक माणूस नीट पाहिलास,” आबा म्हणाले. “चारशे अकरा राहिलेत. उद्या सात वीसला गेटवर ये.”