तीन हात उंच सिंहासन

"सिंहासन तीन हात उंच हवं! बाराही राज्यांत!"

संघपती रुद्रभानांचं फर्मान सुटलं. बारा राज्यांच्या संघाचा करार तसा साधा होता: रस्ते, मापं, दरबारी थाट हे संघानं ठरवायचं; भूमी मात्र ज्याची त्याची. पण संघाचे कारभारी रिकामे बसतात थोडेच!

अकरा राजे आनंदानं उंच झाले. अडला तो डोंगरातला कारवीगड. तिथली मूळ रीत अशी, की निवाड्याच्या दिवशी फिर्यादी वर आणि राजा त्याच्या खाली बसणार. राजा वर बसला, तर त्या क्षणापासून तो राजाच नव्हे! आणि फर्मान मोडलं, तर संघाबाहेर. म्हणजे घाटाखालून येणारं मीठ बंद.

"राज्य सोडू, की प्रजेला अळणी जेवायला घालू?" हैबतराजानं कपाळाला हात लावला.

पंडितांनी आठ दिवस सरबत पिऊन सांगितलं, "विषय फार खोल आहे."

वाड्यातली विहीर उपसायला आलेल्या भिवरानं ते ऐकलं. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खणायचं काम. ती म्हणाली, "खोल ना? मग खणू की!"

निवाड्याच्या दिवशी रुद्रभान स्वतः तपासणीला आले. बघतात तर भर दरबारात खड्डा, खड्ड्यात सिंहासन आणि राजाच्या पगडीचा नुसता तुरा वर! काठावर घोंगडी टाकून ठकूआजी शेळी चोरीला गेल्याचं सांगत होत्या.

"ही काय थट्टा!"

"मोजा की, सरकार!" भिवरा म्हणाली.

चांदीची मोजकाठी घेऊन कारभारी खड्ड्यात उतरले. धुळीनं माखून वर आले. "तीन हात. बरोब्बर."

"आणि खड्डा?"

"पाच हात, सरकार."

"बुजवा तो! आत्ताच्या आत्ता!"

"सिंहासन किती उंच, ते तुम्ही सांगा," भिवरा म्हणाली. "पण ते ठेवायचं ती भूमी आमची. वर ठेवू, नाहीतर खाली. करारावर तुमचाच शिक्का आहे, सरकार. तो तुम्हीच मोडलात, तर संघाबाहेर कोणी जायचं, तेवढं सांगा!"

रुद्रभानांच्या मिशा थरथरल्या आणि ते खो खो हसत सुटले! त्यांच्याकडे बघून, मग कारभारीही हसले.

"काठी द्या तिला!" रुद्रभान म्हणाले. "सोन्यानं मढवून द्या! आणि पुढचं फर्मान काढण्याआधी तिला विचारा!"

तेवढ्यात खालून राजाचा आवाज आला, "हसून झालं असेल, तर आजींच्या शेळीचं ऐकू द्या मला!"