कोरा साबण

"साहेब, तीन वर्सात तुमचे किती गळ तळाक गेले?"

"एकही नाही," आगाशे म्हणाले. मान किंचित वर करूनच म्हणाले.

विश्रामआबांनी नजर किनाऱ्याकडे वळवली.

निवतीच्या किनाऱ्यापासून होडी बरीच आत आली होती. विश्राम मोंडकर हे तिथले जुने तांडेल. होडी त्यांची आणि होडीवर शब्दही त्यांचाच. अलीकडे ते हौशी पाहुण्यांना गळ टाकायला समुद्रात नेत. हृषीकेश आगाशे पुण्याचे, तीन वर्षं न चुकता येणारे. उद्या होडी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढायची होती, म्हणजे आजची फेरी शेवटची.

आगाशे पिसांच्या गळाने मासे धरायला शिकवत. आकड्यावर कोंबड्याची पिसं बांधून इवल्या माशासारखा गळ करायचा आणि लांब, लवचीक काठीने तो दूर फेकायचा. पहाडातल्या नद्यांवर ही विद्या चालते. समुद्राच्या तळाशी खडकात दडणारा गोबरा मासा असा मिळत नाही, असं सगळे म्हणत. मिळतो, असं आगाशे आपल्या बावीस विद्यार्थ्यांना ठासून सांगत. त्यांना स्वतःला तो एकदाही मिळाला नव्हता. विद्यार्थ्यांना हे माहीत नव्हतं, पण आगाश्यांना ते रोज सकाळी दाढी करताना टोचायचं.

"आज नाही मिळाला तर शिकवणं बंद," होडीत चढतानाच ते म्हणाले होते. "खोटं किती दिवस शिकवायचं?"

"बरां," आबा एवढंच म्हणाले होते.

आबांनी किनाऱ्यावरचा देवळाचा कळस आणि डोंगरावरचं एकटं ताडाचं झाड एका रेषेत आणलं; जागा ओळखायची त्यांची खूण हीच. मग इंजिन बंद करून वल्हं हातात घेतलं.

आगाश्यांनी फेक केली. फेक देखणी होती, त्यात वाद नाही. दोरी हवेत वळली, सरळ झाली आणि अलगद पाण्यावर पडली. ती बुडू लागली तसे ते एक, दोन असं मोजू लागले. साठला दोरी ओढून घेतली. पुन्हा फेक, पुन्हा साठ.

"साटच कित्याक?" आबांनी विचारलं.

"साठला तळ येतो."

"कोणी सांगल्यान?"

"तीन वर्षांचा अनुभव आहे, आबा."

आबांनी फळीखालून शिशाचा एक गोळा काढला. गोळा खालून पोकळ होता. त्या पोकळीत त्यांनी कपडे धुवायचा पिवळा साबण दाबून भरला आणि गोळा दोरीने खाली सोडला. टेकल्याचं हाताला कळलं तसा वर घेतला. साबणात शिंपल्यांचा चुरा रुतून आला होता आणि खडकाचे दोन काळे कण.

"खडप," आबा म्हणाले. "हय गोबरो आसा."

मग त्यांनी हात पुढे केला. आगाश्यांनी आपला गळ त्यांच्या हातावर ठेवला. गळाला डोळ्यांच्या जागी शिशाचे दोन मणी होते. आबांनी त्या मण्यांवर साबण चोपडला.

"आता तुमचो साट."

आगाश्यांनी गळ सोडला, साठ मोजले आणि वर घेतला.

साबण कोरा होता.



"खरं सांगू?" आगाशे गळावरचा साबण पुसत म्हणाले. "तळाला गेला की खडकात अडकतो, तुटतो. एक गळ बांधायला माझी अख्खी संध्याकाळ जाते."

"व्हय."

"म्हणून साठला थांबतो."

"ह्यां गोबऱ्याक कोणी सांगलाहा?"

आगाश्यांना राग आला. मग तो कोणाचा आलाय ते कळलं, आणि ते जास्त झोंबलं.

त्यांनी डबी उघडून तो गळ त्याच्या जागी ठेवला. सात गळ एका ओळीत बसले होते, बांधले होते तसेच, एकाचंही पीस न विस्कटता. या डबीचं विद्यार्थ्यांना फार कौतुक होतं.

"वारो सुटलो काय परत जावक व्हया," आबा म्हणाले.

"सुटू दे," आगाशे म्हणाले, आणि त्यांनी पहिला गळ सोडला.

साठ झाले. सत्तर झाले. दोरी सैल पडली. गळ टेकला होता. त्यांनी ओढला, तो अडकला, आणखी ओढला...

दोरी हलकी होऊन वर आली.

त्यांनी दुसरा बांधला. तोही गेला. तिसऱ्याला खाली कोणीतरी तोंड लावून गेलं, पण गळ खडकातच राहिला. चौथा गेला तेव्हा त्यांचा चेहरा घरचं कोणी गेल्यासारखा झाला. पाचवा त्यांनी दात आवळून बांधला. माघार कशी घ्यायची हे काही जणांना कोणी शिकवलेलंच नसतं, आणि शिकवूनही उपयोग नसतो.

आबा वल्ह्याने होडी जागेवर धरून होते. दर वेळी कळस आणि ताड बघायचे आणि वल्हं मारायचे.

सहावा गेला.

पाण्यावर पहिली सुरकुती आली. वारा सुटला होता.

डबीत एकच गळ उरला. आगाश्यांनी आयुष्यात बांधलेला पहिला. वाकडातिकडा, तपकिरी पिसांचा. तो डबीत फक्त आठवण म्हणून ठेवलेला होता.

"परत जाव्या?" आबांनी विचारलं.

"नाही."

"ह्योव जायत."

"जाऊ दे, आबा."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. मग वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

आगाश्यांनी फेक केलीच नाही. होडीच्या कडेवरून गळ नुसता खाली सोडला. विसापर्यंत मोजलं आणि मग मोजणं सोडून दिलं. दोरी बोटावर ठेवून ते डोळे मिटून बसले. गळ टेकल्याचं बोटाला कळलं. त्यांनी तो हातभर उचलला आणि पुन्हा टेकवला. उचलला, टेकवला...

बोट खाली ओढलं गेलं.

काठी धनुष्यासारखी वाकली. क्षणभर वजन हललं आणि मग जागच्या जागी थिजलं. गोबरा बिळात शिरून कल्ले फुगवून बसला होता. तो असा बसला की ओढणाऱ्याचं काही चालत नाही.

आगाशे ओढत राहिले. दोरी करकरली.

"सैल सोडा," आबा म्हणाले.

"सैल सोडली तर तो जाईल."

"जायत."

"शेवटचा गळ आहे, आबा!"

आबा करवंटीने होडीतलं पाणी बाहेर टाकू लागले. एक करवंटी, दोन करवंट्या, तीन...

तीन वर्षांत जे टाळलं तेच, गळ जाऊ देणं, आगाश्यांना करायचं होतं, आणि तेही मासा हाताशी आलेला असताना. त्यांनी काठी खाली केली. दोरी ढिली पडून पाण्यावर तरंगू लागली. त्यांना रडू येईलसं वाटलं.

करवंटीचा आवाज चालू होता.

मग पाण्यावरची ढिली दोरी आपोआप डावीकडे सरकू लागली; गोबरा बिळाबाहेर निघाला होता.

"आता," आबा म्हणाले.

गोबरा वर आला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. हातभर लांबीचा, तपकिरी, अंगभर ठिपके. त्याच्या ओठात तो वाकडातिकडा गळ अडकला होता. एकच पीस शिल्लक होतं.

आगाश्यांनी दोन्ही हातांनी मासा उचलला. डोळे पुसायचे होते, पण हात मोकळे नव्हते.

"आबा," ते म्हणाले, "आता मुलांना खरं सांगता येईल. तळ कसा सापडतो ते मला कळलं."

आबा माशाकडे बघतच नव्हते. ते किनाऱ्याकडे बघत होते. ताडाचं झाड कळसापासून बरंच बाजूला गेलं होतं...

त्यांनी शिशाचा गोळा उचलला आणि आगाश्यांपुढे धरला.

"होडी सरकली. तळ बदललो. साबण लाव."