पालथी वाटी

ऐका बाळांनो, एक गाव होतं. गावाच्या पार शेवटी, जिथून रान सुरू होतं, तिथे एक झोपडी होती. झोपडीपुढे होती मातीची भट्टी, भट्टीवर काळीभोर कढई आणि कढईत तापलेली वाळू. त्या वाळूत ज्वारी टाकली की तडतड, तडतड करत पांढऱ्याशुभ्र लाह्या फुलायच्या. भट्टीपाशी बसायची सारजा, आणि जळणासाठी रानातून पाला आणायची तिची चिमुकली लेक दुरपी.

दुरपीच्या परकराला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कुठलं ते शोधावं लागे. पण डोळे मात्र टपोरे नि हसरे. निदान बाबा होते तोवर तरी हसरे होते. बाबा पावसाळ्यात तापाने गेले, आणि त्या दिवसापासून त्या घरातलं हसू जे गेलं ते परत फिरकलंच नाही.

आई रडली नाही. बाबांना नेलं त्याच दिवशी दुपारी ती भट्टीपुढे जाऊन बसली. मग हळूहळू काय झालं, भट्टीची आग जणू तिच्या अंगात शिरली. तिचं कपाळ ठणके, तळपाय भाजल्यासारखे होत, रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. भाकरी ताटात तशीच वाळून जाई. आणि राग! भांडं पडलं तरी राग, दुरपी शिंकली तरी राग. दिवाळी तोंडावर आली होती. लक्ष्मीपूजनाच्या लाह्यांसाठी गावभरची ज्वारी दारात येऊन पडली होती, आणि आईला भट्टीपुढे धड बसवत नव्हतं.

एका सकाळी दुरपीच्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला. आईने झारा उगारला आणि तो खरंच तिच्या दंडावर बसला. दुरपी रडली नाही. आईच झारा टाकून भिंतीला टेकली.

"दुरपे," ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "धोंडूमामाला सांगावा धाडलाय मी. आज दिवेलागणीला गाडी घेऊन येतोय त्यो. तू त्याच्याकडं जा. माझ्याजवळ नगं ऱ्हाऊस."

"आई, मी परत नाही सांडणार पाणी!"

"पान्याचं न्हाई गं बाई. माझा हातच माझा ऱ्हायला न्हाई. आज झारा लागला, उद्या काय हुईल? तू जा."

दुरपीने फडकं उचललं आणि ती रानात पाला गोळा करायला गेली. मामाचं गाव नदीपल्याड, दूर. एकदा गेलं की आई दिसणार नाही, आणि आई एकटी, आत-बाहेर आगीत.

रानात पिवळी, तांबूस, सोनेरी पानं खाली पडली होती. दुरपीने गाठोडं भरलं आणि बांधण्याआधी नेहमीसारखं हलकेच झटकलं. पाल्यात मुंग्या असतात, इवले इवले किडे असतात. ते भट्टीत जाऊ नयेत म्हणून ती रोज झटकायची, आणि उशीर झाला म्हणून रोज बोलणी खायची. आज झटकलं तर मुंग्यांबरोबर एक म्हातारी बाहेर आली. रुईची म्हातारी हो, ती वाऱ्यावर तरंगणारी, रेशमी केसांची. आणि त्या म्हातारीला धरून लोंबकळत होती अंगठ्याएवढी एक परी! तिचे पंख मोरपंखी, झगा जाईच्या पाकळीचा, आणि केसांत दवाचे थेंब चमचमत होते.

"हुश्श!" परी म्हणाली. "आज मी भट्टीतच जात होते. तू झटकलंस म्हणून वाचले. दुरपी, या घे तीन म्हाताऱ्या. एकेक फुंकायची आणि एकेक इच्छा सांगायची."

"माझ्या आईला बरं वाटू दे!" दुरपीने श्वासही न घेता सांगितलं.

परीचा चेहरा उतरला. "नियम आहेत गं सोनुले. गेलेलं माणूस परत येत नाही. कुणाचं मन मला बदलता येत नाही. आणि उडवलेली म्हातारी पुन्हा हाती लागत नाही. डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल, अंगाला लागेल, असंच काहीतरी माग."

दुरपीने खूप विचार केला. आईला आगीचा त्रास होतो ना? मग गारवाच मागावा. ती घरी धावली आणि अंगणाच्या कडेला उभं राहून पहिली म्हातारी फुंकली. "आमच्या घराला गार गार वारा येऊ दे!"

आला की वारा! रानातून सळसळत, फुलांचा वास घेऊन आला. आईने मान वर केली, पदर सैल केला. दुरपीला वाटलं, झालं, जमलं! पण वारा तो वाराच, त्याला थांबायचं कुठे ते काय ठाऊक? त्याने भट्टी विझवली, सुपं उलथवली, आणि सकाळपासून फुललेल्या साऱ्या लाह्या अंगणातल्या धुळीत उधळून दिल्या.

आई त्या लाह्यांकडे नुसती पाहत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कपाळ दाबून इतकंच म्हणाली, "वाऱ्याचा सुदीक आवाज टोचतोय गं डोक्यात. समदं गप हुईल तर बरं."

दुरपीने ते ऐकलं आणि लगेच दुसरी म्हातारी फुंकली. "सगळं गप्प होऊ दे!"

वारा पडला. चिमण्यांचा चिवचिवाट थांबला. पानांची सळसळ, विहिरीचा रहाट, सगळं मुकं झालं. आईने पुन्हा भट्टी पेटवली, वाळूत ज्वारी टाकली, आणि इथेच घोळ झाला. लाह्या भाजणारी बाई डोळ्यांनी नाही, कानांनी भाजते. तडतड ओसरायला लागली की घाणा, म्हणजे कढईतली ती खेप, उतरवायचा. आज तडतडच नाही! कढईतली ज्वारी करपून कोळसा झाली तेव्हा धुरानेच आईला कळलं. ती वळून काहीतरी बोलली. दुरपीनेही उत्तर दिलं, ओरडून दिलं. पण आवाज दोघींचेही गेले होते. धुरात आईला तिचे हलणारे ओठ दिसले नाहीत आणि तिने मान फिरवली. पोरीने आपल्याशी बोलणं सोडलं, असंच तिला वाटलं असणार.

उडवलेली दुसरी म्हातारी तरंगत तरंगत जमिनीला टेकली तेव्हा आवाज परतले, पण आता कोण बोलणार होतं? आई कोपऱ्यात दुरपीचं गाठोडं बांधत होती.

शेवटची म्हातारी मुठीत धरून दुरपी रानात पळाली. काय मागावं? परीलाच विचारावं. "परीताई! परीताई!" ती हाका मारत सुटली आणि एका बाभळीखाली तिचा पाय अडखळला. खाली होल्याचं, म्हणजे करड्या रानकबुतराचं, घरटं उलथं पडलं होतं. त्याच्या काड्या विस्कटल्या होत्या, आणि त्यांत दोन उघडीबोडकी पिल्लं चोची वासून धडपडत होती. वर त्यांची आई वेड्यासारखी फडफडत होती. हे कुणी केलं? दुरपीच्याच वाऱ्याने!

बाभळीला हे एवढाले काटे. दुरपीने चढून पाहिलं, तळवे रक्ताळले, दोनदा घसरली. तिकडून एक मुंगूस झुडपात येऊन बसलं होतं. दुरपीने मुठीतली म्हातारी पाहिली. ही उडवली तर आई गेली. नाही उडवली तर पिल्लं जातात. ती हुंदके देत देत म्हणाली, "घरटं वर जाऊ दे," आणि तिने फुंकर मारली.

घरटं अलगद उचललं गेलं, काड्या आपसूक विणल्या गेल्या, आणि होल्याची मादी पिल्लांवर पंख पसरून बसली. खाली दुरपी मात्र पाचोळ्यात तोंड खुपसून रडली. तिच्याकडे आता काहीच नव्हतं. सूर्य कलला होता, मामाची गाडी वाटेत असणार होती.

"दुरपी," कानाशी किणकिण झाली. परी तिच्या वेणीवर येऊन बसली होती. तिचे पंख आता फिके दिसत होते. "जादू संपली गं. माझ्याकडे आता बिनजादूची गोष्ट तेवढी उरली आहे, ती तुला सांगते. तुमच्या घरी काशाची वाटी आहे ना?"

"आहे. पण ते माप आहे."

खरंच होतं ते. गावकरी आपापली ज्वारी भाजायला आणत आणि त्यातली एक वाटी मजुरी म्हणून ठेवून जात. आजोबांच्या आजोबांपासून तीच वाटी, आणि तिचा एकच कायदा होता. माप पालथं घालायचं नाही. पालथं घातलं की भट्टी बसते, धंदा उठतो, असं सारे मानत. आई ती घासायचीसुद्धा हातात उताणी धरून.

"तीच पालथी घाल," परी म्हणाली. "आईच्या तळपायांना तेल लाव, आणि वाटीच्या बुडाने सावकाश, गोल गोल चोळ. घाई करू नकोस. ती बोलली तर ऐकून घे, रडली तर रडू दे."

"आणि ती रागावली तर?"

"ते मला नाही सांगता यायचं, सोनुले," परी हळूच म्हणाली.

दुरपी घरी आली. आई उंबऱ्यापाशी पाय पसरून बसली होती, डोळे उघडे पण कुठेच न पाहणारे. घरात तेल म्हणाल तर संध्याकाळच्या पणतीपुरतं. दुरपीने तेच घेतलं. मग तिने मापाची वाटी रिकामी केली, आणि पालथी घातली.

"दुरपे!" आई किंचाळली. "माप पालथं घातलंस? भट्टी बसवतीस व्हय?" तिचा हात वर गेला. दुरपीने डोळे घट्ट मिटले, पण आईचा पाय सोडला नाही.

हात खाली आलाच नाही. आई भिंतीला टेकली. "घाल," ती म्हणाली. "आता बसायचं काय ऱ्हायलंय?"

गोल, गोल, गोल. गार काशाचं बूड तापलेल्या तळव्यावर फिरत राहिलं. पिवळं तेल राखाडी झालं, मग काळंकुट्ट झालं, जणू अंगातली आगच त्यात उतरत होती. दुरपीचे काट्यांनी फाटलेले हात झोंबत होते, पण ती थांबली नाही. बऱ्याच वेळाने आईने एक लांब श्वास सोडला. मग दुसरा.

"तुझ्या बाबाला ताप चढला," ती म्हणाली, "तवा मी भट्टीपुढंच हुते गं. त्यांनी हाक मारली. म्या म्हनलं, एवढा घाणा उतरवते नि येते. मी आत गेले तवर त्ये..."

आणि ती रडली. पावसाळ्यापासून साठलेलं सगळं रडली. दुरपी पाय चोळत राहिली. रडता रडता आईची मान कलली आणि ती तिथेच, उंबऱ्यावर, गाढ झोपली.

अंधारून आलं. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. धोंडूमामा दारात उभा राहिला.

"सारजा, दिवा का न्हाई लावलास? पोर तयार हाय न्हवं?"

दुरपीने रिकाम्या पणतीकडे पाहिलं. दिव्याचं तेल तर आईच्या पायांत जिरलं होतं. तेवढ्यात रानाकडून एक म्हातारी तरंगत आली आणि पणतीत उतरली. एक सोनेरी कण लुकलुकला, मग झोपडीभर निळा, गुलाबी, मोरपंखी उजेड पसरला. उजेडात परीने दुरपीच्या रक्ताळलेल्या तळहाताचा पापा घेतला, आणि आपल्या पंखांचा उरलासुरला उजेड पणतीला देऊन ती त्यातच विरून गेली. उरली एक शांत, सरळ ज्योत. पणतीत तेल काठोकाठ होतं आणि दुरपीच्या तळहातांवर एकही ओरखडा नव्हता.

उजेडाने आई जागी झाली. तिने पोरीला पाहिलं, कोपऱ्यातल्या गाठोड्याला पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "भाकरी खाऊन जा. गाडी रिकामीच ने."

"अगं, पन तूच तर सांगावा..."

"आग हाय, दादा. उद्या पुन्यांदा चढंल. चढली तर उतरवायला आमच्याकडं वाटी हाय." आणि तिने दुरपीला कुशीत ओढून तिच्या दंडावरच्या वळावर गाल टेकवला.

भट्टी बसली नाही, बरं का! दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा ज्वारी घेऊन आले, आणि पुढेही येत राहिले. त्या घरात आजही वाटी सकाळी उताणी असते नि दिवेलागणीला पालथी. बाबा काही परत आले नाहीत. काही दिवशी आईचं कपाळ अजून ठणकतं. पण सारजाचे तळवे जसे त्या संध्याकाळी निवले, तसे तुमच्याही आईचे निवोत. आणि तिने हाक मारली, तर हातातलं ठेवून आधी जा.