वाघ आधी, वंशावळ नंतर

बडोद्यात छपाईचं काम शिकून सात वर्षांनी परतताना अंबूला वाटलं होतं, चिंचगड संस्थानचा छापखाना धडधडत असेल, शाईचा वास रस्त्यापर्यंत येत असेल आणि दाराशी पुस्तकं न्यायला माणसं उभी असतील. प्रत्यक्षात यंत्रावर गोणपाट पांघरलेलं होतं. आतल्या खोलीत एकाच पुस्तकाच्या चारशे प्रती छतापर्यंत रचल्या होत्या आणि वरच्या गठ्ठ्यावर कोंबडी अंडी उबवत बसली होती.

"हे काय, आबा?"

"महाराजांचं 'अरण्यप्रताप'," मनाजी जिनगर म्हणाले. छापखान्यातली सगळी पुस्तकबांधणी अंबूचे हे वडीलच करत. "कोणी घेत नाही. महाराज म्हणतात, रयत अडाणी आहे. दसऱ्यापासून इथे घोडे बांधणार. मला खोगिरं शिवायला ठेवतील."

गावागावात पुस्तक पोचवायचं, असं मनाशी पक्कं करून अंबू परत आली होती. तिने प्रवासाची पेटीसुद्धा उघडली नाही. तशीच दरबारात गेली.

"छापखाना मोडू नका, महाराज. लोक वाचतील."

"कोण वाचणार?" भैरवसिंह महाराज म्हणाले. "वाचतो तो आमचा दरबार. पन्नास जणांना प्रती दिल्या, प्रत्येकाने वाखाणलं. विचार दिवाणजींना."

"अप्रतिम ग्रंथ," दिवाण बेहरे म्हणाले. "शेवट वाचताना तर माझे डोळे पाणावले."

"तुमची प्रत बघायला मिळेल का, दिवाणसाहेब?"

प्रत आली. त्या काळी पुस्तकाची पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच असत. वाचणाऱ्याने सुरी घेऊन कापत पुढे जायचं. दिवाणजींच्या प्रतीचं एकही पान कापलेलं नव्हतं.

"शेवट बाहेरूनच वाचलात वाटतं," अंबू म्हणाली.

महाराजांनी बाकीच्या प्रती मागवल्या. सगळ्यांची तीच गत. दरबारात कोणी कोणाकडे बघेना. महाराजांचा चेहरा लालबुंद झाला आणि राग निघाला तो अंबूवर.

"फार शहाणी आहेस. मग ऐक. त्या चारशे प्रती दसऱ्याच्या आत रयतेच्या घरात गेल्या पाहिजेत. सक्ती करायची नाही, फुकट वाटायच्या नाहीत. आमचा एक शब्द गाळायचा नाही, एक घालायचा नाही. जमलं तर छापखाना राहील. नाही जमलं, तर बापाशेजारी बसून तूही खोगिरं शिव."

अंबू घरी आली आणि सुरी घेऊन वाचायला बसली. सोळा पानांचा एक फर्मा, असे पहिले तेरा फर्मे नुसती वंशावळ. छत्तीस पिढ्या! प्रत्येक पूर्वज शूर, प्रत्येक दानी, आणि वाचणारा तिसऱ्यापाशीच झोपणार. ती नेटाने वाचत राहिली. चौदावा फर्मा उघडला आणि पहिलीच ओळ आली: 'वाघ खाली बसला होता, आम्ही झाडावर होतो आणि आमची बंदूक वाघाशेजारी पडली होती.'

अंबू ताठ बसली. "आबा, हे वाचलंत?"

"मी बांधतो गं. वाचायला कुठे बसतो?"

"मग आता टाके उसवा. सगळ्या प्रतींचे."

आठवडी बाजाराच्या दिवशी अंबू चिंचेखाली उभी राहिली आणि नव्याने बांधलेलं पुस्तक मोठ्याने वाचू लागली. महाराज झाडावर, पागोटं खाली पडलेलं, वाघ ते हुंगतोय. लोक हसून हसून बेजार. मग वाघाने पुढचे पंजे बुंध्यावर टेकवले आणि अंबूने पुस्तक मिटलं.

"अगं, पुढे?" मिरच्या विकणारी तानूबाई ओरडली.

"पुढचं यात आहे, मावशी. विकत घ्या, घरी न्या. ज्याला वाचता येतं त्याच्याभोवती बसा."

चार बाजारांत खोली रिकामी झाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंबू तानूबाईला घेऊन दरबारात आली, तेव्हा दिवाणजींनी एक प्रत महाराजांपुढे ठेवली. "बघा, महाराज. पुस्तक दोनशे नवव्या पानापासून सुरू होतंय. आणि आपले पूर्वज? पार मागे, शेवटी."

"शब्द एकही बदलला नाही," अंबू म्हणाली. "हवं तर मोजून घ्या. फक्त फर्मे पुढेमागे शिवलेत."

"पण आमचे पूर्वज शेवटी?" महाराज गरजले.

"दरबारात आधी चोपदार येतात, मग मानकरी, मग दिवाणसाहेब. महाराज कधी येतात?"

महाराज म्हणाले, "आम्ही येईपर्यंत दरबार थांबतो. तुझे वाचक थांबले का, ते सांग."

अंबूने तानूबाईला पुढे केलं. तिच्या प्रतीची पानं अगदी शेवटपर्यंत कापलेली होती आणि कडांना मिरचीपूड लागली होती.

"वंशावळसुद्धा वाचलीस?" महाराजांनी विचारलं.

"नातसून वाचते, मी ऐकते, सरकार. म्हटलं, आपण घाबरलो होतो असं स्वतःच लिहिणारा राजा आहे. याचा आजा-पणजा कोण ते बघावं तरी."

महाराज आधी खुसुखुसु हसले, मग मांडीवर थाप मारून हसले, आणि ठसका लागला तेव्हा चोपदाराला पाणी आणावं लागलं.

"छापखाना राहिला," ते डोळे पुसत म्हणाले. "मनाजी बांधणीवर कायम. आणि अंबू, उद्यापासून छापखान्याची मुख्य तू. आणखी काही हवं असेल तर माग."

"विचार करून सकाळी सांगते, महाराज."

सकाळी ती आली. "मुख्य व्हायचं नाही मला. दरबारी छापखान्यात पहिला मान आपल्याच पुस्तकाचा राहणार. मला अडगळीतलं ते जुनं हातयंत्र द्या आणि बाजारात एक गाळा. तिथे मी माझ्या हिमतीवर पुस्तकं काढीन."

"यंत्र दिलं, गाळाही दिला," महाराज म्हणाले. "पण आमचं पुढचं पुस्तक लिहून होत आलंय. ते तू नाही छापणार?"

"घेऊन या, महाराज," अंबू म्हणाली. "वाचून सांगते."