स्टीलच्या पेल्यातली लागर

नाशिकच्या बिअरस्पर्धेत परीक्षक हुद्दारसाहेबांचा शब्द शेवटचा. शर्वरी गोडांबेने आपल्या छोट्या ब्रुअरीतली काळी लागर बिअर काचेच्या ग्लासात पुढे ठेवली, तर त्यांनी ओठही न लावता ग्लास बाजूला सारला. "काळी म्हणजे जड आणि कडू. बाद."

शर्वरी वाद घालत बसली नाही. तिने फेसाने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला त्यांच्या हातात दिला.

साहेबांनी घोट घेऊन डोळे मिटले. "वा, किती हलकी. मागून भाजलेल्या पावाचा खमंगपणा. सोनेरी लागर असावी तर अशी. पहिला नंबर."

शर्वरीने पेला घेऊन त्यातली उरलेली बिअर दुसऱ्या रिकाम्या ग्लासात ओतली. ती काळीभोर होती.

"साहेब, मघाशी डोळ्यांनी चाखलीत, आता जिभेने," ती शांतपणे म्हणाली. "निकाल कुणाचा धरायचा?"

 साहेबांनी तिच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि पुन्हा भरायला पुढे केला.